मीटरमध्ये न आलेले चार किलोमीटर

वार मंगळवार, सकाळचे साडेसहा. जीपच्या मीटरवर ३१२ किलोमीटर. हजर — मी एकटा.

एवढी नोंद मी अकरा वर्षं डोक्यात ठेवली. कागदावर आणली नाही, बायकोला सांगितली नाही. आता लिहायला बसलो आहे, आणि पूर्ण लिहिणार आहे.

मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. गाव केज तालुक्यात, नांदूरघाटच्या रस्त्याला. हिशेबाला चोख म्हणून लोक मला मानत. हे का सांगतो? बढाई म्हणून नाही — पुढचं सगळं त्याच्या जोरावरच घडलं म्हणून.

त्या वर्षी पाऊस नव्हता. जनावरं छावणीत, गावाला टँकर, आणि संस्थेची जीप धूर ओकायला लागलेली. बाबू मिस्त्रीनं इंजिन पूर्ण खोललं. सिलिंडरला बोअर मारला, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी क्लचप्लेट. मीटर शून्यावर आणून गाडी ताब्यात देताना म्हणाला, "साहेब, पैलं हजार किलोमीटर हिला लेकरावानी वागवा. चाळिसाच्या वर न्हाई. वझं न्हाई. मागं तर कायबी जोडायचं न्हाई. रिंगा एकदा नीट बसू द्या, मग दहा वर्सं माझं तोंड बघू नका."

ड्रायव्हरच्या पायाचा भरवसा नाही, गाडी सचिवांनीच रुळवावी — असं संचालकांनी ठरवलं. दूध तेवढे दिवस भाड्याच्या टेम्पोत. मी रोज सकाळी रिकामी जीप नांदूरघाटपर्यंत नेई आणि परत आणी. वहीत लिही — किती किलोमीटर, वेग किती, ओझं किती. ओझ्याच्या रकान्यात रोज एकच शब्द: निरंक.

रस्त्यानं बाया डोक्यावर हंडे घेऊन चालत असायच्या, आणि त्यांच्या शेजारून मी रिकामी गाडी पस्तिसाच्या वेगानं फिरवत असायचो. एकदा आमच्या गल्लीतल्या गयाबाईंनी हात केला. "आवं सचिव, रिकामीच चालली की गाडी. माझे दोन हंडे जड हायेत व्हय तिला?"

"मावशी, इंजिन नवं आहे. ओझं चालत नाही."

"इंजिन नवं हाय, आन माझी मान काय लोखंडाची हाय?"

मी हसलो, आणि गाडी पुढे काढली. नियम म्हणजे नियम. तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं — हे पण लिहून ठेवतो.

त्यानंतर चौथ्या दिवशी तो मंगळवार आला.

माझी मोसंबीची एकशे दहा झाडं होती. सहाव्या वर्षाची, पहिल्या बहाराची. त्यांच्यासाठी मी रस्त्यालगतच्या एका विहिरीवरून विकतचं पाणी आणत असे. पाण्याची टाकी दोन हजार लिटरची, ट्रॉलीवर बसवलेली. ओढणारा ट्रॅक्टर तीन दिवस बंद पडून होता. टाकी भरून विहिरीवर उभी, आणि चार किलोमीटरवर झाडांची पानं वळत चाललेली.

घरात प्यायला पाणी होतं. कुणी आजारी नव्हतं. मला कुणी भाग पाडलं नाही.

मी विहिरीवर जीप थांबवली. खाली वाकलो आणि मीटरची केबल सोडवली — टाकी जोडायच्या आधी. म्हणजे मी काय करतोय हे मला पूर्ण ठाऊक होतं, नाही का? मग टाकी जोडली. चढावर गाडी ओढेना. मी क्लच अर्धा दाबून, रेस वाढवून ती वर काढली. जळका वास आला. तापमानाचा काटा तांबड्यात गेला. थांबायला हवं होतं. थांबलो नाही.

पाणी झाडांना गेलं. तासाभरानं इंजिन निवल्यावर केबल जोडली, रोजची फेरी केली आणि वहीत लिहिलं: निरंक.

पाचशे किलोमीटरला मिस्त्रीनं तेल बदललं. जुनं तेल बोटांवर चोळून उन्हात धरलं. त्यात धातूच्या कणांची बारीक चमक होती. "साहेब, काय वढलंवतं का?"

"नाही."

एवढंच बोललो. इतक्या सोप्या शब्दाला किती वेळ लागतो?

सहाशे नव्वदला इंजिन जाम झालं. बैठकीत मिस्त्रीला बोलावलं. टेबलावर माझी वही उघडी होती. चेअरमन त्याला म्हणाले, "बाबू, सचिवांच्या वहीत ठिपका चुकत न्हाई. तूच जुनं बेअरिंग घातलं आसशील बे." मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

इंजिन त्यानं पदरच्या एकवीस हजार पाचशे रुपयांत पुन्हा बांधलं. पण बोभाटा झालाच होता. आसपासच्या संस्थांनी दुरुस्तीला गाड्या देणं बंद केलं. दिवाळीनंतर त्यानं दुकानाला कुलूप घातलं आणि बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. आयुष्यात पहिल्यांदा कोयता धरला त्यानं. असे सहा हंगाम.

माझी एकशे चार झाडं जगली. त्यांची मोसंबी मी खाल्ली, विकली, पाहुण्यांना दिली. ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसून जाताना तो दिसे. मी मान वळवी.

या वर्षी ठरवलं, की आता नाही. वार्षिक सभेच्या आधी मी त्याच्याकडे गेलो. तो आता फाट्यावर पंक्चर काढतो. सगळं सांगितलं. तो ट्यूब घासत होता, घासतच राहिला.

"प्लेट भायेर काढली तवाच कळलं हुतं, साहेब. काळीठिक्कर. रिकाम्या गाडीची प्लेट आशी जळत न्हाई."

"मग बोलला का नाहीस?"

"कावून बोलायचं? तुमच्या वहीम्होरं माझं कोण ऐकलं आसतं?"

सभेत मी उभा राहिलो आणि वर लिहिलंय तेवढं बोललो. चेअरमन म्हणाले, "जाऊ द्या की, लई जुनं झालं." मी जाऊ दिलं नाही. इतिवृत्तात लिहून घेतलं, ते मोठ्यानं वाचायला लावलं, आणि सचिवपदाचा राजीनामा दिला. गयाबाई मागच्या रांगेत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाबू मिस्त्रीला एकवीस हजार पाचशे रुपये दिले, आणि अकरा वर्षांचं व्याज. सहा हंगामांचा आकडा मला काढता आला नाही. त्यानंही सांगितला नाही. त्यानं हात पुसले, नोटा मोजल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. माझ्या हातून आलेली रक्कम आजवर कुणी दुसऱ्यांदा मोजली नव्हती.