हिरवा चुडा आणि पवनारचा रस्ता

लग्नानंतर आमचा संसार पुण्यात थाटायचा होता, पण त्याआधी आठ दिवस वर्ध्याला सासरी राहायचं ठरलं. मी सातारची, वर्धा कधी पाहिलेलंही नव्हतं. पिपरी मेघेतलं घर, माणसं चांगली, भाज्या तिखटजाळ. पण शाळेपासून मी रोज पहाटे धावायचे, आणि हे इथे सांगायचं धाडस होईना. नवरा म्हणाला, "आईला विचार." विचार म्हणे! सासूबाई मोजकंच बोलणाऱ्या. त्यांनी एकदा नको म्हटलं, की माझं धावणं जन्माचं संपलं. म्हणून चौथ्या दिवशी न विचारताच सटकले.

अंगात नवऱ्याची ट्रॅकपँट, ढगळ टी-शर्ट आणि हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, कारण नव्या नवरीने तो उतरवायचा नसतो. मंगळसूत्र उड्या मारायला लागलं, ते दातात धरलं. पवनारच्या रस्त्याला लागले आणि काय सांगू, जीव हलका झाला! गार वारा, दोन्हीकडे कपाशी, बांगड्यांची खळखळ.

समोरून सायकलवर दूधवाला आला. "काऊन व ताई, काय झालं?" तोंडात मंगळसूत्र, बोलणार कशी? नुसता हात हलवला. त्याने घाबरून सायकल उलटी फिरवली, तडक पुढच्या बस थांब्यावर गेला आणि भाजीची टोपली घेऊन बसलेल्या म्हातारीला काहीतरी सांगितलं. मी पोचले तेव्हा ती रस्त्यात हात पसरून उभी होती.

"थांब व माय! सासू मारते का?"

"नाही हो आजी, मी व्यायाम करतेय!"

"हातात चुडा अन् व्यायाम?" तिने माझा दंड धरला. "भिऊ नोको. चाल, मी पाह्यतो तुह्या सासूले."

वर्ध्याची बस आली. टोपली आत, मी आत. घरी पोचलो तर सासूबाई अंगणात सडा टाकत होत्या. म्हातारीने त्यांना जे झापलं! "लोकाची लेक आनली त नीट सांभाळा!" मी मध्ये पडले, तर म्हणते, "सासू समोर हाय म्हनून बोलून राह्यली बिचारी." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, तिला चहा पाजला, आणि ती गेल्यावर माझ्याकडे वळल्या.

"रोज धावतं तू?"

"हो. आई, एवढं एक सोडायला सांगू नका." माझा आवाज रडवेला झाला होता. त्या सड्याची बादली उचलून आत गेल्या. मी दिवसभर चपात्या करपवल्या.

दुसऱ्या पहाटे डोळे उघडले तर दारापुढच्या ओट्यावर दिवा. सासूबाई नऊवारीखाली सासऱ्यांचे कॅनव्हासचे बूट घालून बसलेल्या. "चाल. मी मागून येतो. कोनी विचारलं त सांगाले कोनी पाह्यजे ना!"

मी हळू धावले, त्या लगबगीने मागे, पदर खोचून, धापा टाकत. थांब्यावर म्हातारी होतीच. सासूबाई तिच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाह्य, सून माही. सकाळी धावते, अन् धावनारच. कोनी मारत नाई."

म्हातारीने त्यांना आधी वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग बुटांकडे.

"ते ठीक हाय," ती हळूच म्हणाली, "पन तुले कोन त्रास देऊन राह्यलं व बाई?"

सासूबाई हसत हसत टोपलीशेजारीच बसल्या. मी मंगळसूत्र दातात धरलं आणि पुढे निघाले.