घरचा विमा

आमचं घर पुरात वाहून गेलं तेव्हा त्याचा विमा उतरवलेला आहे, असं मी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

गोष्ट साठ सालच्या आसपासची. महागावच्या बाजूला, पूस नदीच्या काठी आमचं मातीच्या भिंतींचं घर होतं. नदी इतकी जवळ, की मागच्या दारातून खरकटं पाणी फेकलं की थेट नदीत! श्रावणात नदी ते परत करायला यायची. उंबऱ्यापर्यंत यायची, आत डोकावायची आणि निघून जायची. सासरे होते तोवर म्हणायचे, "येते अन् जाते. पाव्हणी हाय." मला मात्र ही पाहुणी दरवर्षी जरा जास्तच आत येते आहे असं वाटायचं.

अशात गावात विम्याचा एक एजंट आला. पुण्याकडचा, अगदी नवाकोरा. माझे यजमान तेव्हा शेतावर गेले होते. (नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती. कुणी विचारलंच तर 'घरचे' म्हणायचं. एवढं लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.)

"विमा कोणाचा काढायचा?" एजंटने विचारलं.

"घरचा," मी म्हटलं.

"घरच्यांचा! वा वा!" वऱ्हाडातल्या बायका नवऱ्याला काय म्हणतात ते तो कुठूनसं शिकून आला होता, आणि आपल्याला ते कळलं याचाच त्याला केवढा आनंद! मला वाटलं, पुण्याकडे घराला असंच मानाने बोलत असतील. "वय काय?" त्याने पुढे विचारलं.

"चाळीसच्या वर असन. सासऱ्याच्या हातचं काम हाय."

एजंटने मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते.

"आणि प्रकृती?"

घराची प्रकृती! पुण्याची माणसं बोलतात बाई गोड. "वरून बरं दिसते," मी म्हटलं, "पण आतून पोकळ हाय. एका बाजूनं झुकते. वारं सुटलं का रातभर कुरकुरते."

"अरेरे! आणि धूर वगैरे?"

"दोन टाइम. कवेलूतून निघते."

आमच्याकडे छपराच्या कौलाला कवेलू म्हणतात. त्याला ती चिलमीची एखादी जात वाटली असावी, कारण त्याने सहानुभूतीने मान हलवली. "बरं, भीती कशाची वाटते?"

"पुराची. नदी लागूनच हाय ना."

"पोहता येत नाही?"

मला वाटलं, थट्टा करतो आहे. "येत असतं तर विमा कायले काढला असता, भाऊ?"

काही दिवसांनी तो डॉक्टर घेऊन आला. घर बघायला साहेब येणार म्हणून मी भिंती सारवून लख्ख करून ठेवल्या होत्या. डॉक्टरने भिंतींकडे ढुंकूनही पाहिलं नाही! ह्यांना खाटेवर निजवलं, छाती ठोकली, जीभ बाहेर काढायला लावली. पाठोपाठ एका इंग्रजी कागदावर एजंट म्हणाला तिथे ह्यांनी सही केली.

"घराच्या विम्याले माही छाती कायले ठोकून राह्यला हा?" ह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

(आमच्या घरात शिकलेली मी एकटीच, त्यामुळे घोटाळे करायचा मान माझा.) "घर कोणाच्या जिवावर उभं हाय? तुमच्याच ना? मंग, पाया तपासून राह्यले!"

हे इतके खूश झाले, की डॉक्टर निघाला तरी छाती फुगवूनच उभे होते.

पुढच्या श्रावणात पाहुणी मुक्कामालाच आली. सकाळी अंगणात पाणी, दुपारी घरात. बंजाऱ्यांचा तांडा टेकाडावर होता. सारं गाव तिकडे निघालं. कुणी दारं काढून डोक्यावर घेतली, कुणी धान्याची पोती. शेजारची सरूबाई तर पाटा-वरवंटा घेऊन धापा टाकत चालली होती.

"अवं, तुहे भांडे तरी घे!" ती ओरडली.

"असू दे. विमा हाय," मी म्हटलं. एवढ्या तोऱ्यात मी स्वतःच्या लग्नातही वावरले नव्हते!

हे मात्र मधल्या खांबाला मिठी मारून बसले. "माह्या बापानं बांधलं हाय. मी हालत नाही. तू जाय."

पाणी गुडघ्याच्या वर आलं. मागची भिंत फुगायला लागली. भीतीने मला रडू आवरत नव्हतं, पण तोंड चालूच होतं. "अवो, घर गेलं तर पैसे येतीन! तुम्ही गेले तर काय येईन? घराचा विमा हाय, तुमचा हाय का?"

ह्यांची मिठी जराशी सैल झाली, तशी मी धोतराचा सोगा धरून त्यांना फरफटत बाहेर काढलं. आम्ही चढावर पोचतो न पोचतो तोच मागे मोठा आवाज झाला. वळून पाहिलं तर घराच्या जागी नदी होती. हे काही बोलले नाहीत. मीही, लग्नानंतर प्रथमच, काही बोलले नाही.

पाणी ओसरल्यावर एजंट चिखल तुडवत तांड्यावर आला. ह्यांना भाकर खाताना पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. "सुखरूप आहेत! मग आता काळजी नाही."

"पैसे कधी भेटतीन?" मी विचारलं.

"कसले?"

"विम्याचे! घर गेलं ना!"

"अहो, विमा यांचा आहे! घराचा, तोही पुराचा, असला विमा मी देतच नाही. यांना काही झालं असतं, तर सगळी रक्कम तुमच्या हातात आणून दिली असती!"

सारा तांडा ह्यांच्याकडे बघायला लागला. ह्यांचा घास हातातच राहिला. एवढा धडधाकट माणूस, पण त्या घडीला त्यांना जिवंत असल्याचाच संकोच वाटत होता!

"पण सगळं या बाईंनीच सांगितलं," एजंट घाईघाईने म्हणाला. "आतून पोकळ आहेत, रात्रभर कुरकुरतात, कवेलू ओढतात..."

"मी?" हे म्हणाले. "कवेलू?" आणि घर गेल्यापासून एक शब्द न बोललेला हा माणूस असा हसत सुटला, की त्यांना ठसका लागला आणि मलाच पाठ चोळावी लागली. मला मात्र तेव्हा इतकं बरं वाटलं, की घर परत मिळालं असतं तरी तेवढं वाटलं नसतं.

नवं घर आम्ही टेकाडाच्या उतारावर बांधलं. पुरातल्या त्या घडीचा हिशेब मी नंतर पुष्कळदा करून पाहिला. ज्याचा विमा नव्हता ते खुशाल पाण्यात सोडलं, आणि ज्याचा होता ते धोतराला धरून ओढून आणलं. उत्तर बरोबर, रीत साफ चुकलेली! बरोबर रीत मला तेव्हा ठाऊक असती तर उत्तर काय आलं असतं, हे ह्यांनी आजवर विचारलेलं नाही, आणि मीही तो विषय काढत नाही.