दारातले नाग

बळवंतराव काट्यांनी सारी उमर ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत काढली. संस्थान विलीन झालं आणि ते इंदरगंजातल्या सरकारी कचेरीत पहारेकरी झाले.

चौदा ऑगस्टला नुसती उमस होती, पान हलत नव्हतं. उद्याच्या झेंडावंदनासाठी त्यांच्या पत्नी राजलक्ष्मीबाईंनी दारात रांगोळी काढली, पण सवयीच्या हातानं उमटले ते संस्थानच्या निशाणावरचे दोन नाग. तेवढ्यात समोरून कचेरीतले नवे साहेब येताना दिसले. बळवंतरावांनी घाईघाईनं ते नाग पायानंच पुसले. साहेबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही!

घरात मोरीपर्यंत पांढरी पावलं उमटली. बळवंतरावांना मान वर करवेना.

“जन्मभर ज्याला सलाम ठोकलात, ते तुडवलंत,” बाई म्हणाल्या. “उद्या झेंड्यापुढे याच पायांनी उभे राहणार?”