शून्यबाईंची टाकी

कागद कारखाना बंद पडला तेव्हा बाई बेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यातली अठरा वर्षं त्यांनी तिथल्या उपकरण विभागात काढली होती. वाफेचा दाब, लगद्याची पातळी, रुळांचं तापमान दाखवणारी दोनशे चाळीस उपकरणं कारखान्यात होती, आणि ती खरं सांगताहेत की थापा मारताहेत हे तपासणं बाईंचं काम होतं. निरोप समारंभ वगैरे झाला नाही. फाटकावर एक सूचना चिकटवली होती. तिचा कागद दुसऱ्याच कारखान्याचा आहे, हे बाईंनी हात लावून ओळखलं आणि त्या घरी गेल्या.

तीन महिन्यांनी त्यांना एका अभियांत्रिकी महाविद्यालयात काम मिळालं. विभाग मापन आणि नियंत्रणाचा, पद प्रयोगशाळेत शिकवण्याचं, करार एका वर्षाचा. तासाला मुलं काहीही दाखवायला आली की बाई आधी विचारायच्या, "शून्य पाहिलंत का?" म्हणजे काहीच मोजत नसताना काटा शून्यावर उभा राहतो की नाही. पंधरवड्यात त्यांचं नाव शून्यबाई पडलं. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ठीक आहे. लक्षात राहील तुमच्या."

प्रयोगशाळेच्या मधोमध एक काचेची टाकी होती, मीटरभर उंच. खाली पंप, वर नळी, नळीवर झडप, आणि टाकीच्या बुडाशी एक मुठीएवढा डबा. पाण्याचा दाब ओळखून पातळी किती ते विजेच्या भाषेत सांगायचं, हे त्या डब्याचं काम. टाकी रिकामी असली की चार मिलीअँपियर, काठोकाठ भरली की वीस, मधे असली की मधलं काहीतरी. दर वर्षी साठ मुलं हा प्रयोग करत आणि वहीत लिहून काढत. सगळ्यांची उत्तरं अगदी बरोबर येत : चार, आठ, बारा, सोळा, वीस.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी त्या डब्याचं झाकण उघडलं. आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. घर जुनं होतं, माशी कधीच सोडून गेली होती. तारा सुटलेल्या होत्या आणि त्यांच्या टोकांवर हिरवा गंज चढला होता. बाईंनी पंप चालू केला. तो चालू झाला नाही.

मग त्यांनी कपाट उघडून जुन्या वह्या काढल्या. सहा वर्षांच्या वह्या होत्या. चार, आठ, बारा, सोळा, वीस. त्यांनी हाताला येतील तेवढ्या वह्या उचलल्या आणि विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या.

विभागप्रमुख सत्तावीस वर्षं शिकवत होते आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांना शांतता आवडायची.

"सर, टाकीचं यंत्र सहा वर्षं बंद आहे."

"कशावरून?"

"आत माशीचं घर आहे."

विभागप्रमुखांनी एक वही उघडली. "पण आकडे तर बरोबर आहेत."

"तीच तर पंचाईत आहे, सर."

विभागप्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वहीच्या प्रत्येक पानाखाली त्यांची सही होती. "दुरुस्त करा," ते म्हणाले, "पण फार गाजावाजा नको."

गाजावाजा झाला नाही. कारखान्याच्या भंगारातून बाईंनी कधीकाळी उचलून आणलेला एक डबा त्यांच्या पलंगाखाली होता, तो त्यांनी साफ करून बसवला. पंपाचं सील बदललं. काम आठ दिवसांत उरकलं. घरी नवरा शिंपी होता. त्यानं उरलेल्या चौकटीच्या शर्टाच्या कापडाचं टाकीवर घालायला एक आवरण शिवून दिलं, आणि सवयीनं त्याला कॉलर लावली.

या शिंप्याशी बाईंचा एक जुना वाद होता. त्याची कापडी टेप ताणून ताणून सेंटिमीटरभर वाढली होती. बाईंनी पोलादी पट्टी शेजारी धरून ते सिद्धही केलं होतं.

"अगं, पंधरा वर्षं गिऱ्हाइकं याच टेपवर खूश आहेत," तो म्हणायचा.

"अहो, अंगाचं मापही त्याच टेपनं घेता आणि कापडही त्याच टेपनं कापता, म्हणून. चूक चुकीला खाते."

"मग झालं तर."

"ज्या दिवशी नवी टेप आणाल त्या दिवशी जुनी मापं फाडून टाका."

त्यानं नवी टेप आणलीच नाही.

टाकी सुरू झाल्यावर बाईंनी पहिल्या तासाला सगळ्यांची पेनं जमा करून घेतली. मुलं घाबरली. पेनाशिवाय प्रयोग कसा करायचा, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"आज लिहायचं काही नाही," बाई म्हणाल्या. "पाणी बरोबर मधोमध ठेवायचं. पन्नासवर. हातानं."

एक मुलगा झडपेपाशी बसला. दुसऱ्यानं खालचा नळ हळूहळू उघडला. पाणी उतरायला लागलं तशी पहिल्यानं झडप भरभर फिरवली. काहीच झालं नाही. त्यानं आणखी फिरवली. मग पाणी आलं ते एकदम आलं. पन्नास ओलांडून सत्तरवर गेलं. त्यानं घाईघाईनं झडप बंद केली. पाणी तीसवर उतरलं. दहा मिनिटं तो टाकीशी असा झगडत होता. शेवटी पाणी काठावरून त्याच्या बुटात गेलं.

"तू काय केलंस, सांग," बाई म्हणाल्या.

"मॅडम, पाणी ऐकतच नाही."

"ऐकतं. त्याला ऐकू यायला वेळ लागतो. तू हाक मारतोस आणि त्यानं ओ देण्याआधीच ओरडायला लागतोस. झडप थोडी फिरव. हात काढ. बघ. मग पुन्हा थोडी फिरव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच काम नियंत्रक यंत्राला दिलं आणि मुद्दाम त्याला फार उतावळं करून ठेवलं. झडप खडखडायला लागली, पाणी सत्तर-तीस, सत्तर-तीस करायला लागलं. सगळा वर्ग ओल्या बुटाच्या मुलाकडे बघून हसला. तो स्वतःही हसला, आणि मग उठून त्यानं यंत्राचा उतावळेपणा कमी करणारी खुंटी आपणहून शोधून काढली. तिचं पुस्तकातलं नाव त्याला तोवर पाठ होतं. ती कुठे असते ते माहीत नव्हतं.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे सुवाच्य म्हणत. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं आणि आजवर तिच्या वहीत एकही खाडाखोड नव्हती. अर्धा वर्ग तिची वही उतरवायचा. पातळीच्या प्रयोगाची तिची पाळी आली आणि ती अडकली. रिकाम्या टाकीला चार यायला हवे होते. आले चार पॉइंट तीन.

"मॅडम, चुकलं," ती म्हणाली. "खोडून चार लिहू का?"

"आधी टाकीतलं खोड. मग वहीतलं खोड."

सुवाच्यनं पुन्हा केलं. चार पॉइंट तीन. पुढे आठ पॉइंट तीन, बारा पॉइंट चार, सोळा पॉइंट तीन, वीस पॉइंट तीन. ती दोन दिवस नीट जेवली नाही, असं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती तासाला सर्वांच्या आधी आली, गुडघ्यांवर बसली आणि टाकीच्या तळाकडे बघत राहिली. मग तिनं पट्टी मागितली.

पाणी बाहेर सोडण्याचा नळ टाकीच्या तळापासून दोन सेंटिमीटर वर होता. टाकी रिकामी केली तरी तेवढं पाणी आत राहायचंच. बाहेरची मोजपट्टी मात्र नळाच्या तोंडापासून शून्य धरून चिकटवलेली होती. म्हणजे मुलं ज्याला रिकामं म्हणत होती ते रिकामं नव्हतं, आणि डबा बिचारा खरं तेच सांगत होता.

"मॅडम, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू मग पट्टी मागितली नसतीस."

सुवाच्यनं पहिले कच्चे आकडे एका रेघेनं खोडले आणि त्याखाली सगळं कारण लिहून काढलं. ती तिच्या वहीतली पहिली खाडाखोड.

वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांच्याजवळ मागच्या वर्षांच्या उत्तरांचा कागद होता. त्यांनी सुवाच्यची वही शेजारी ठेवली.

"हे चार पॉइंट तीन काय आहे?"

"सर, तळाशी दोन सेंटिमीटर पाणी राहतं."

"यंत्रात दोष असेल."

"दोष पट्टीत आहे सर. यंत्र बरोबर आहे. तुम्ही मोजून बघा."

परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी बाही वर केली, पट्टी घेतली, स्टुलावर चढले आणि वरून टाकीत हात घातला. हात खांद्यापर्यंत आत गेल्यावर पट्टी तळाला टेकली. पाणी दोन सेंटिमीटर होतं. खाली उतरून त्यांनी रुमालानं हात पुसला, "बरोबर आहे" म्हणाले आणि पंचवीसपैकी एकोणीस गुण दिले. खाडाखोडीचे दोन कापले होते. उरलेले चार कशाचे ते त्यांनी सांगितलं नाही.

वर्गाची सरासरी चोवीसवरून अठरावर आली. आठवड्याभरात बाईंना प्राचार्यांच्या खोलीत बोलावणं आलं. प्राचार्य होते, व्यवस्थापन समितीचे दोघे होते, विभागप्रमुख होते. टेबलावर बाईंच्या कराराचा कागद होता. त्यावर सही व्हायची होती.

"बाई," प्राचार्य म्हणाले, "तुमच्या आधी मुलांना चोवीस मिळायचे. आता अठरा. याला काय म्हणायचं?"

"आधी यंत्र बंद होतं, सर."

"बंद यंत्रावर चोवीस?"

"बंद यंत्रावर चूक कुठून येणार?"

समितीतला एक जण हसला आणि मग खोकला. प्राचार्यांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

विभागप्रमुख खुर्चीत पुढे सरकले. बाईंना वाटलं, हे आता टेबलावरचा कागद सरळ करतील आणि विषय बदलतील. त्यांनी कागद खरोखरच सरळ केला.

"सहा वर्षांच्या वह्यांवर सह्या माझ्या आहेत," ते म्हणाले. "बाईंना काढायचं असेल तर ते कारण फायलीत लिहावं लागेल. कारण लिहिलं की माझ्या सह्याही त्यात येतील. मला चालेल. तुम्ही ठरवा."

खोलीतला पंखा फिरत होता. प्राचार्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि करारावर सही केली. एका वर्षाची. जाता जाता म्हणाले, "आणि उष्णतेची प्रयोगशाळाही तुमच्याकडेच घ्या. तिथली सरासरी पंचवीस आहे. मला आता झोप लागणार नाही."

घरी गेल्यावर नवऱ्यानं मशीन थांबवून विचारलं, "काय झालं?"

"एक वर्ष आणखी. आणि काम दुप्पट."

"मग चांगलं की वाईट?"

"मोजून सांगते," बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. त्यांनी साखर दोनदा घातली. नवऱ्याच्या ते लक्षात आलं. त्यानं उठून दूध ओतलं.

सोमवारी त्यांनी उष्णतेच्या प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं. तासाभरानं दारात विभागप्रमुख उभे. ते या खोलीत बऱ्याच वर्षांत आले नव्हते.

"बाई, एखादा पेचकस जास्तीचा आहे का?"

बाईंनी दिला. विभागप्रमुख स्टुलावर बसले, त्यांनी भट्टीचं तापमान मोजणारी लांब नळी मांडीवर घेतली आणि तिचं डोकं उघडायला लागले. एक स्क्रू खाली पडला. तो शोधायला ते टेबलाखाली वाकले. नळीतून दोन बारीक तारा निघाल्या, टोकाशी एकमेकींना जोडलेल्या. दुसरं काहीही नव्हतं.

"हे मी सत्तावीस वर्षं फळ्यावर काढतोय," विभागप्रमुख म्हणाले. "आत एवढंच असतं?"

"एवढंच असतं, सर."

त्यांनी त्या तारा खिडकीच्या उजेडात धरल्या आणि बराच वेळ बघत बसले.