अरबस्तानातल्या सुनेची किल्ली

लेकरांनो, तुम्ही पाठवलेल्या पाचही पुस्तकांना मी खाकी कव्हरं घातली आणि आत मिळाल्याची तारीख लिहिली. अरब देशांतल्या बायकांचे हक्क, घरातल्या चालीरीती, बाहेर पडायला लागणारी पुरुषाची परवानगी, असा विषय. वाटलं, रडवतील. पण लिहिणाऱ्या तिथल्याच बायका, आणि भलत्याच खट्याळ. मी एकटीच हसते, म्हणून तुमचे आजोबा चष्म्यावरून बघतात.

दुपारी शेजारीण आणि तिची सून आमच्या ओसरीवर गहू निवडायला येतात. "बाई, आज काय वाचून राहिल्या?" असं शेजारीण विचारते. मग मी इंग्रजीतलं मराठीत सांगते.

त्या आठवड्यात त्यांच्या घरात धुसफूस होती. सुनेला वारंगा फाट्यावर शिवणाच्या दुकानात काम मिळत होतं, पण सोमवारी आली नाही तर दुसरी बाई लावणार होते. माहेरहून मिळालेली स्कूटी अंगणात गोधडी पांघरून उभी. नवरा म्हणे, "मला काही नाही, आईला विचार." आणि आई म्हणे, "न्हाई."

शुक्रवारी मी एका बाईची हकिगत सांगितली. गाडी तिच्या नावावर, चालवताही येते, पण किल्ली दिराकडे. दवाखान्यात जायचं तरी तो यायची वाट बघायची. मी नेहमीसारखं सगळं आपल्या बोलीत सांगत गेले आणि देशाचं नाव सांगायचंच राहिलं.

शेजारणीनं सूप खाली आपटलं. "गाडी तिची अन् किल्ली दिराच्या खिशात? कोन्या गावची हाय ही?"

"लांबची आहे हो."

"लांब म्हंजे सिद्धेश्वराकडली का? माझी मावसबहीण तिकडंच दिलेली हाय. तुमी घर सांगा, मी बोलते तिच्या सासूशी. परक्याच्या लेकीला असं कोंडून ठेवत्यात व्हय?"

"अहो, अरबस्तानातली आहे ती!"

आम्ही तिघी खूप हसलो. हसू ओसरलं तशी सून मान खाली घालून, गव्हातला खडा वेचता वेचता म्हणाली, "आत्याबाई, इतक्या लांब जायची तकलीफ काहून घेता? एक किल्ली तुमच्या कंबरंला बी हाय की."

शेजारणीचा हात आपोआप कंबरेच्या जुडग्याकडे गेला. "तू गहू निवड," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "अन् बाई, तुमी बी! गाव आधी सांगायचं असतंय."

शनिवारी दोघी आल्या नाहीत. मला चैन पडेना. माझ्या वेंधळेपणामुळे त्या पोरीचं काम जातं की काय?

रविवारी फाटकाशी हॉर्न वाजला. स्कूटीवर सून, मागे शेजारीण. एका हातानं पदर धरलेला, दुसऱ्यानं सुनेचा खांदा, डोळे गच्च मिटलेले.

"फाट्यापातुर जाऊन आलो. दुकान पाहिलं. मालक बाईच हाय."

"आणि गाडी येते का हिला?"

"येते. खड्डा तेवढा पाहत न्हाई." ती उतरली, निऱ्या झटकल्या. "उद्यापासून जाईल. आता सांगा, त्या अरबस्तानातलीला किल्ली मिळाली का न्हाई?"

मी पुढची चार पानं तिथंच उभ्यानं वाचून सांगितली.

सून आता कामावर असते, म्हणून गहू आम्ही दोघीच निवडतो. गोष्ट सुरू करायच्या आधी शेजारीण विचारतेच, "कोन्या गावची?" मी ते मुद्दाम शेवटी सांगते.