गहू किती दिवस भिजवायचे?

ऑफिसचं कुलूप काढतोय तोच फोन वाजला. घोटीहून एक बाई बोलत होत्या. आमची नवी कादंबरी त्यांनी एका दमात वाचून काढली होती. मी खूश होऊन आभार मानायला लागलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"कादंबरी लय चांगली हाय. रडले मी. पण मला एक सांगा, कुरडयांचे गहू एका रात्रीत भिजतात का?"

मी म्हणालो, बघतो.

"त्यात बघायचं काय? तीन दिवस लागतात. रोज पाणी बदलावं लागतं. कोणी लिहिलं हे?"

त्या आठवड्यातला गव्हाचा हा काही पहिला फोन नव्हता.

मी नाशिकमध्ये एक छोटी प्रकाशन संस्था चालवतो. छोटी म्हणजे संपादक मी, ऑफिस सांभाळते बायको आणि पार्सलं बांधायला दोघंही. आपल्याकडे पुस्तकात लेखकाचा फोन नंबर छापायची पद्धत आहे. वाचक तो नंबर फिरवतात आणि मनात येईल ते बोलतात. या कादंबरीच्या लेखिका वैशालीताई. त्या बँकेत ऑफिसर आहेत आणि हे त्यांचं पहिलंच पुस्तक. त्यांनी स्वतःचा नंबर द्यायला साफ नकार दिला. लोक काय म्हणतात ते तुम्हीच ऐका आणि गाळून मला सांगा, म्हणाल्या. म्हणून माझा नंबर गेला आणि मी अडकलो.

कादंबरी एका आईची आणि तिच्या तीन मुलींची. थोरली आणि मधली आईच्या हाताखाली सगळं शिकतात. धाकटीला मात्र आई जवळ बसवत नाही. उन्हाळ्यात खाली चुलीपाशी आई आणि दोघी बहिणी कुरडयांचा चीक शिजवतात, हसतात, गरम चीक साखर घालून खातात. धाकटी वर गच्चीवर एकटी. वाळत घातलेल्या कुरडयांवर कावळे बसू नयेत म्हणून हातात काठी घेऊन. खालचं हसणं तिला ऐकू येत राहतं. पुढे ती मोठी होते, शहरात जाते, पण ती गच्ची काही तिच्या मनातून जात नाही.

पुस्तक बाहेर पडलं आणि माझा फोन शांत बसेना. पेठहून एका निवृत्त मास्तरांनी सांगितलं, की ते रोज जेवणानंतर बायकोला एकेक प्रकरण वाचून दाखवतात आणि ती त्यांना मध्येच थांबवून स्वतःच्या आईबद्दल बोलते, त्यामुळे पुस्तक पुढे सरकत नाही. नाशिकरोडचे एक गृहस्थ नाराज होते. त्यांना स्वतःला तीन मुली. कादंबरीतले वडील फक्त खोकतात, त्यांना एक तरी वाक्य द्यायचं होतं, असं त्यांचं म्हणणं. एका मायलेकींनी तर स्पीकरवर फोन लावला आणि आई बरोबर की धाकटी बरोबर यावर माझ्या कानात भांडल्या. शेवटी मुलगी म्हणाली, काका, तुम्ही ठेवा, आमचं वेळ लागेल.

आणि एके दिवशी कुरिअरनं खोका आला. आत कुरडया. वर चिठ्ठी, 'अशा होतात.' बायकोनं त्या लगेच तळल्या. उत्तम होत्या.

हा मजकूर छापण्याआधी लेखिकेशिवाय तिघांनी वाचला होता. मी, प्रूफरीडर आणि पानं लावणारा. तिघंही पुरुष. तिघांनीही कुरडया आयुष्यभर फक्त खाल्ल्या होत्या.

पहिल्या प्रती संपत आल्या. पुण्याचा वितरक रोज माल मागायला लागला. इथे दोन शब्द समजून घ्या. आहे ते पुस्तक जसंच्या तसं परत छापलं की ते पुनर्मुद्रण. मजकुरात बदल करून छापलं की सुधारित आवृत्ती. मी ठरवलं, सुधारित आवृत्ती काढू, गहू दुरुस्त करू आणि या बायकांच्या तावडीतून सुटू. एका ओळीचं तर काम.

वैशालीताईंना ऑफिसमध्ये बोलावलं. सगळे फोन रंगवून सांगितले. बहुतेकांना धाकटीचा कळवळा आला, असली आई नको असं दोघीतिघींनी स्पष्ट सांगितलं, हेही सांगितलं. लेखकाला यापेक्षा मोठी दाद कोणती? पण बाईंचा चेहरा पडत गेला.

"काहीच छापू नका सध्या," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, ऐकण्यात काही घोळ झाला. मग त्या बोलल्या. पुस्तक त्यांनी दिंडोरीला आईकडे पाठवलं होतं. आई थोरल्या बहिणीजवळ राहते. चष्मा लावून तिनं ते अख्खं वाचलं, मिटलं आणि कपाटात ठेवून दिलं. त्याला महिना होत आला. रोज फोनवर बोलते, द्राक्षांची छाटणी, गुडघे, शेजारणीची सून, सगळं बोलते. पुस्तकाबद्दल चकार शब्द नाही.

"सगळा महाराष्ट्र माझ्या आईला नावं ठेवतोय, आणि ते मी करून ठेवलंय. तिला लागलं असेल तर हे पुस्तक मला परत छापायचं नाही."

सगळा महाराष्ट्र म्हणजे आमच्या छापलेल्या प्रती बघता फारच झालं, पण मी तसं बोललो नाही. गव्हाची ओळ तरी दुरुस्त करून द्या म्हटलं, तर ती त्यांना येईना. कुरडया कशा करतात हे त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि आईला विचारायचा धीर नव्हता. मी म्हणालो, चला, मी विचारतो. संपादकाचं अर्धं काम लोकांच्या घरी जाऊन चहा पिण्याचंच असतं.

रविवारी दिंडोरीला गेलो. वैशालीताईंच्या आई, काकू, ओसरीवर बसल्या होत्या. ठेंगण्या, ताठ. चहा झाला. वैशालीताई कपातच बघत होत्या. मी गव्हाचा विषय काढला. फोन, चिठ्ठी, खोका, सगळं सांगितलं. काकू इतक्या हसल्या की थोरली बहीण आतून बघायला आली.

"गहू चुकलेत खरे. पण ते राहू द्या भाऊ. तिला कुठून ठाऊक असणार? ती खाली कधी होतीच नाय." मग लेकीकडे वळल्या. "पण तू एक लबाडी केलीस. त्या पोरीच्या हातात नुसती काठी दिलीस. पुस्तक कुठं गेलं?"

वैशालीताईंनी कप खाली ठेवला. "कुठलं पुस्तक?"

"फ्रॉकमध्ये लपवून वर न्यायचीस ते. मला काय दिसत नव्हतं?"

पुस्तक आपण आईची नजर चुकवून नेतो, असं या बाईंना एवढी वर्षं वाटत होतं. म्हणूनच त्यांनी ते कादंबरीतूनही लपवलं होतं. थोरली दारातूनच म्हणाली, की तिनं तेव्हा कितीदा कुरकुर केली होती, आम्ही सोऱ्या फिरवून हात दुखवायचे आणि ही वर आरामात. पण आई ऐकायचीच नाही. राखण हेही कामच आहे, म्हणायची.

"खाली बसवलं असतं तर तूही या दोघींसारखी राबत राहिली असतीस," काकू म्हणाल्या. "तुला वाचायचं होतं. घरात मोकळी जागा तेवढीच एक होती, तिथं तुला बसवली. एकदा कावळ्यांनी अर्ध्या कुरडया नेल्या. तू मान वर केली नाहीस. मी काय बोलले का तुला?"

"मग महिनाभर गप्प का होतीस?"

"कपाटातून काढून मी दुसऱ्यांदा वाचत होते. म्हटलं, पुस्तक कुठंतरी येईल."

वैशालीताई रडल्या आणि हसल्याही. मी चहाचा रिकामा कप उगाच तोंडाला लावला. इतक्या वाचकांनी ते पुस्तक वाचलं, मी तर चार वेळा वाचलं, पण त्या गच्चीवर काय कमी आहे ते एकाच वाचकाला कळलं.

सुधारित आवृत्ती निघाली. बदल एकाच वाक्याचा. धाकटीच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात, फ्रॉकच्या घोळात लपवलेलं, पुस्तक. वैशालीताईंनी या वेळी स्वतःचा नंबर छापू दिला. गहू मात्र अजून एका रात्रीतच भिजतात.

माझ्या कामात त्यामुळे एक फरक पडला. हस्तलिखितात चूक दिसली की मी लगेच लाल पेन उचलत नाही. आधी लेखकाला विचारतो, हे सगळं चाललं होतं तेव्हा तुम्ही कुठे बसला होता?