चुन्याचे ठिपके

डहाणूहून तलासरीला बदली झाली, तेव्हा मुद्दाम कचेरीजवळ खोली घेतली. पाड्यातल्या पायवाटेने जेमतेम मैलभर. तरी मी स्कूटरच काढायचो, हायवेचा वळसा घालून. मग एकदा कचेरीचा जिना चढताना असा धापा टाकू लागलो की दाखल्यासाठी रांगेत उभे असलेले लोक मलाच पाणी पाजायला धावले. दुसऱ्या दिवसापासून पायी.

भूक लागू लागली, झोप लागू लागली, पट्टा एक भोक आत गेला. पण माझा माझ्यावर विश्वास नाही. मला पुरावा लागतो. तंबाखू सुटली होती, चुन्याची डबी खिशात उरली होती. वाटेत जिथे दम खायला पहिल्यांदा थांबावं लागे, तिथे चुन्याचा ठिपका लावायचा. आधी ओढ्याच्या दगडावर, मग ताडावर, मग बोरीवर. शेवटचा तर पाड्यातल्या टोकाच्या घराच्या कुडावरच टेकवला. तिथेच दम लागला, त्याला मी काय करणार?

आणि ठिपके गायब व्हायला लागले.

माझा संशय कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कारकुनावर. तो रोज विचारायचा, "काय राव, गाडी बँकेने ओढून नेली काय?" जेवताना मी त्याच्या नखांत चुना शोधू लागलो. एकदा हातच धरून निरखला. त्याला वाटलं मी भविष्य बघतोय; त्याने दुसराही पुढे केला.

शेवटी एका सकाळी करवंदीच्या जाळीमागे दबा धरून बसलो. टोकाच्या घरातून एक बाई शेणाचा गोळा घेऊन आली आणि कुडावरचा ठिपका सारवू लागली. "सापडलात!" म्हणून मी उडी मारली आणि थेट बांधाखाली गेलो.

ती हसली नाही. "घर कदी पाडनार?"

"कोणाचं?"

"माझं! दर हप्त्याला तुझी निशानी पुढं येते. ओढ्यावरनं ताडाला, ताडावरनं बोरीला. आता घराला लागली."

माझ्या अंगावर काटा आला. तो करवंदीचा नव्हता. मी घाईघाईने सगळं सांगितलं.

"दम लागतो म्हनून ठिपका?"

"हो मावशी."

"गाडी हाय ना तुला? मी बगितली. गाडीवाला मानूस उगाच कशाला चालंल? माझ्या भावाच्या वाडीत पन असाच एक सायब फिरायचा. मंग घरं पाडाया मशीन आली."

मी तिच्या हातातलं शेण घेतलं आणि उरलेला ठिपका स्वतः सारवला. "खालनं पन," ती म्हणाली. माझी चुन्याची डबीही तिने काढून घेतली.

तेव्हापासून ती रोज बांधावर उभी असते. तिच्या जागेची हद्द संपेपर्यंत ती पुढे, मी मागे. थांबलो की वळून बघते, म्हणून थांबायची सोयच उरली नाही. इतका भरभर मी लग्नातल्या पंगतीकडेही कधी गेलो नाही.

परवा हद्दीवर विचारलं, "आता तरी पटलं ना, मावशी?"

"मोजनीवाले पावसात येत नाय," ती म्हणाली. "तू चिखलातनं पन चालत आलास, तर बघू."

मी वळणाआड जाईपर्यंत ती तिथेच उभी होती.